कार्ल्याच्या भिंतीवरचा 'आहार'

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात सातवाहन काळातली एक राजाज्ञा कोरलेली आहे. वलूरकाच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना निर्वाहासाठी गाव दिल्याची ती आज्ञा. वलूरक म्हणजे आजचे कार्ले. दिलेले गाव कुठले, तर 'मामालाहारे' उत्तरेच्या वाटेवरचे करजक. ही अक्षरे नागरीत लिहून समोर ठेवली तरी मराठी वाचकाला पहिली ठेच इथेच लागते, आणि ती अवघड शब्दाची नसते. आहार हा शब्द त्याला चांगला ठाऊक असतो. आहार म्हणजे जेवण. विषयही भिक्षूंच्या पोटापाण्याचाच असल्यामुळे तो अर्थ जवळजवळ बसतो. जवळजवळ बसणारा अर्थ सर्वांत फसवा असतो, कारण पुढे शोधायची गरजच वाटेनाशी होते.

हा पेच नाशिकच्या पांडवलेण्यांनी सोडवला. तिथल्या लेखांत 'गोवधनाहारे' येते आणि पुढे गावाचे नाव येते, सुदसण. तेही 'दखिणमगे', म्हणजे दक्षिणेच्या वाटेवरचे. नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात 'कापुराहारे' येते आणि पुढे गाव येते चिखलपद्र. आधी एक नाव, त्याला चिकटलेला आहार, मग वाट, मग गाव. ही बांधणी पुन्हा पुन्हा दिसली, की आहार म्हणजे आपण ज्याला जिल्हा किंवा तालुका म्हणू असा मुलखाचा विभाग, हे उघड होते. मग मामालाहार म्हणजे मामाल नावाचा विभाग, आणि मामाल म्हणजे आपले मावळ. या मुलखाच्या नावाचा फार जुना लेखी पुरावा आपल्याला मिळाला तो शब्दकोशातून नव्हे. एका न कळलेल्या शब्दाला त्याच्या शेजारी बसलेल्या शब्दांकडून ओळखून घेतले, तेव्हा तो मिळाला.

या ओळखून घेण्याबद्दल आज लिहावेसे वाटते, कारण ते आपल्या वाचनातून निघून चालले आहे. धड्याखाली शब्दार्थ छापलेले असतात, गाइडात ते पुन्हा असतात, आणि मोठ्यांच्या हातात फोन असतो. शब्द अडला की बोट तिकडे जाते. अर्थ मिळतो, पण तो इथे बसतो का, हे तपासायचे राहून जाते. आणि मावळच्या दगडांनी जर काही शिकवले असेल तर ते हे तपासणेच.

हे लेख ब्राह्मी लिपीत आहेत, आणि ती वाचता येईनाशी होऊन शतके लोटली होती. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात अशोकाचे स्तंभ दिल्लीला आणवले, तेव्हा त्यांवरचा मजकूर वाचणारा कोणी उरला नव्हता. कार्ल्याच्या लेखांवर पहिला नेटाचा प्रयत्न केला तो जॉन स्टीव्हन्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने. मराठीचे व्याकरण लिहिलेला हा माणूस. १८३४ मध्ये त्याने आपले वाचन बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले. पण अक्षरेच अजून पक्की झालेली नव्हती, आणि पुढच्या अभ्यासकांना ते वाचन बाजूला ठेवावे लागले. तरी त्याच्या धाडसाबद्दल मला आदर वाटतो. कोणीतरी आधी चुकीचे वाचल्याशिवाय दुसऱ्याला दुरुस्त करायला हाताशी काही नसते.

किल्ली सापडली ती १८३७ मध्ये, आणि ती एका शब्दाच्या अंदाजातून सापडली. सांचीच्या कठड्यावरच्या छोट्या छोट्या लेखांच्या नकला जेम्स प्रिन्सेपकडे आल्या होत्या. त्याच्या लक्षात आले की बहुतेक लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. सलग मजकुराचे हे तुकडे नव्हेत. इतके सुटे लेख एका ठिकाणी कशासाठी असतील? ब्रह्मदेशातल्या बौद्ध मंदिरांत भक्तांनी वाहिलेल्या वस्तूंची दाटी असते, हे त्याला माहीत होते. म्हणजे हे दानाचे लेख असावेत आणि शेवटचा शब्द 'दानं' असावा. त्याआधी वारंवार येणारे अक्षर षष्ठीचे 'स', म्हणजे अमक्याचे. अमक्याचे दान. एवढ्यावरून द, न आणि अनुस्वार हाती आले, आणि पुढची वर्णमाला भराभर उलगडत गेली.

आपल्याकडच्या कुठल्याही देवळात पंख्याच्या पात्यावर, बाकावर, पायरीवर नाव असते आणि शेवटी 'यांच्या स्मरणार्थ' किंवा 'यांजकडून भेट' असते. लिपी न वाचता येणाराही सांगेल की शेवटचे शब्द देण्याबद्दलचे आहेत. प्रिन्सेपने नेमके हेच ओळखले. त्याची विद्वत्ता मोठी होती, पण त्या क्षणी उपयोगी पडले ते देवळात लोक काय करतात याचे भान.

कार्ल्याच्या चैत्यगृहात ३७ खांब आहेत, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपामागे सात. त्यांतल्या अनेकांवर असेच दानलेख आहेत. वाचायला सुरुवात करावी ती इथून. धेनुकाकटाहून आलेल्या अमक्याचा, 'थभो', 'दानं'. थभो म्हणजे स्तंभ, खांब. ज्यावर शब्द कोरला आहे तीच वस्तू शब्दाचा अर्थ सांगते. दारावरच्या लेखात 'घरमुघ' येते, म्हणजे घराचे मुख, दर्शनी दार. ते दार घडवणारा सामी 'वढकि' आहे. विदर्भातल्या माणसाला हा शब्द लगेच कळेल, कारण तिकडे सुताराला वाढई म्हणतात. 'गंधिक' सिंहदत्त हा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, गांधी आडनावाचा दूरचा पूर्वज शब्द. नावापुढचा 'स' हा तर आपल्या घरातलाच. 'रामास', 'गावास' या रूपांतला स व्याकरणकार याच प्राकृत षष्ठीपर्यंत नेऊन भिडवतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा मजकूर परका वाटतो तो लिपीमुळे. लिपीचा पडदा सरला की निम्मे शब्द शेजारच्या गावचे निघतात.

पण ओळख पटल्याचा हा आनंदच पुढे अडचणीत आणतो. एका खांबावरच्या लेखात सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित नावाच्या 'भाणका'चे दान आहे. भाणक म्हणजे धर्मग्रंथ म्हणून दाखवणारा, आपल्या 'म्हणणे'चा सख्खा नातलग. तो खांब कसा आहे? 'ससरीरो थभो'. सशरीर खांब. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले ही श्रद्धा ज्या मुलखात घरोघरी आहे, तिथल्या वाचकाला सशरीर हा शब्द नवा नाही. पण खांब सशरीर कसा? इथे थांबायला हवे. बौद्ध परंपरेत 'शरीर' म्हणजे पूज्य पुरुषाचे अवशेष, अस्थिधातू. खांबावर कमळ कोरलेले आहे आणि त्याच्या मध्यभागी खाच आहे. अवशेष ठेवायची ती जागा. शब्द आणि खाच एकत्र पाहिल्याशिवाय दोन्हींचा अर्थ लागत नाही.

'यवन' या शब्दाचेही तसेच. कार्ल्याच्या दात्यांत अनेक जण स्वतःला यवन म्हणवतात. पुढच्या काळातल्या मराठीत यवन म्हणजे मुसलमान. तो अर्थ इथे लावला तर इस्लामच्या उदयाच्या कितीतरी आधी मावळात मुसलमान बसवावे लागतील. या यवनांचा संबंध ग्रीकांशी आहे, आणि तरीही त्यांची नावे सिहधय, धम अशी इथल्या मातीतली आहेत. इतिहासाची किती भांडणे आजच्या अर्थाचे जोडे जुन्या शब्दांना घालून चालू असतात! तेवढे थांबले तरी बरेच वितुष्ट कमी होईल, असे मला मनापासून वाटते.

आपल्या शास्त्रकारांना ही अडचण पुरती ठाऊक होती. 'सैंधव आण' असे धनी म्हणाला तर नोकराने काय आणावे? सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधू देशचा घोडाही. जेवताना म्हटले असेल तर मीठ, प्रवासाला निघताना म्हटले असेल तर घोडा. भर्तृहरीने वाक्यपदीयात अर्थ ठरवणाऱ्या गोष्टींची यादीच दिली आहे. तिच्यात सोबत येणारे शब्द आहेत, विरोध आहे, प्रकरण आहे, प्रसंग आहे. शब्द एकटा नसतो, हे त्या यादीतून वेगवेगळ्या बाजूंनी दिसत राहते.

आणि मिठाचा विषय निघालाच आहे तर 'अलोणखादक' पाहू. माझ्या दृष्टीने सह्याद्रीच्या लेण्यांतला सर्वांत शिकवणारा शब्द हा आहे. भिक्षूंना दिलेल्या जमिनीला राजाने कोणत्या सवलती दिल्या त्यांची रांग सातवाहनांच्या दानलेखांत येते. नाशिकच्या लेखांत ती चांगली टिकली आहे. अपावेस, अनोमस, अलोणखादक, अरठसंविनयिक, सवजातपारिहारिक. मराठी वाचक तिसऱ्या शब्दाशी सुखावतो. लोण म्हणजे मीठ. लोणचे, लोणार, अळणी हे सगळे त्या कुळातले. खादक म्हणजे खाणारा. मग अलोणखादक म्हणजे अळणी खाणारा, आणि विरक्त भिक्षूंना ते शोभतेही! कान, व्युत्पत्ती, प्रसंग तिन्ही बाजूंनी बसणारा हा अर्थ चुकीचा आहे.

चूक कुठे आहे ते शेजारचे शब्द सांगतात. अपावेस म्हणजे जिथे राजाच्या माणसांनी शिरायचे नाही. अनोमस म्हणजे जिला हात लावायचा नाही. ही सगळी विशेषणे जमिनीची आहेत, भिक्षूंची नव्हेत, आणि जमीन काही जेवत नाही. म्हणजे खादकचा संबंध खाण्याशी नसून खणण्याशी असणार, मूळ 'खात'चा त मऊ होऊन द झालेला. ज्या जमिनीत मिठासाठी खणायचे नाही ती अलोणखादक. मिठावर राजाचा हक्क असे, आणि त्यासाठी कुठेही खणायला माणसे येत. त्या जाचातून ही जमीन मोकळी. हा अंदाज खरा ठरवायला साक्षीदार मिळाला तो दूर विदर्भात. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक ताम्रपटात अशाच सवलतींच्या रांगेत 'अलवणक्लिन्नक्रेणिखनक' असे लांबलचक संस्कृत विशेषण आहे. त्यात 'खनक' स्पष्ट आहे. दोन-तीन शतकांनंतरच्या कारकुनाने आपल्यासाठी जणू टीप लिहून ठेवली.

या कुळाबद्दल बोलताना एक सावधगिरी सांगायलाच हवी. लोण, लोणचे, लोणार या रांगेत कोणी लोणीही आणून बसवील. लोणी मात्र 'नवनीत'पासून आले आहे, मिठाशी त्याचे नाते नाही. दिसण्यावरून नाते जोडू नये. लोणावळ्याचे नाव लेण्यांवरून पडले असे सर्रास सांगतात. ते ऐकायला गोड आहे, परंतु मामालसारखा दगडात कोरलेला टप्पा त्याच्या पाठीशी उभा नाही.

मावळच्या पाठीशी तो आहे. मावळ म्हणजे सूर्य मावळतो तिकडचा मुलूख, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पुण्याच्या पेठांतून पाहिले तर दिशाही जुळते. पण मामालाहार लिहिणारा कारकून पुण्याच्या पेठांतून पाहत नव्हता. त्याच्या आज्ञेत गावासाठी 'गामे' हा शब्द आहे. गामचे पुढे गाव झाले, नामचे नाव झाले, स्वरांमधला म मराठीत व होत गेला. त्याच वाटेने मामालचे मावाल आणि मावळ होते, शेवटचा ल ळ होतो. एकाच लेखातला एक शब्द दुसऱ्याची उत्पत्ती सांगतो, याहून चांगला शेजार कुठला? मावळतीची व्युत्पत्ती टिकवायची असेल तर तिने आधी या मामालचा हिशेब द्यायला हवा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी वेगळी वाट सुचवली. पुण्यात राहून ते या डोंगरांत सतत पायी हिंडले, आणि १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या पुस्तकात त्यांनी मामालचे नाते इथे पाण्याकाठी पुजल्या जाणाऱ्या मातृदेवतांशी, मावलायांशी लावले. हा अंदाज आहे, पण तो खेड्यातल्या शेंदराला आणि दगडावरच्या अक्षरांना एकत्र वाचतो, म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

दानात दिलेल्या करजकाचे काय झाले? नाणे मावळात करंजगाव आहे. नाव जुळते. उत्तरेची वाट कोणती, ती त्या गावावरून जात होती का, हे जमिनीवर तपासावे लागेल. तोवर साम्य हे साम्यच. धेनुकाकटाचा शोध तर अजून मिटलेला नाही. कोणी ते आंध्रातल्या धान्यकटकाशी जोडले, कोसंबींनी ते कार्ल्याच्या आसपास शोधले. इतक्या दात्यांनी अभिमानाने सांगितलेले गाव आपल्याला निश्चित सांगता येत नाही, आणि तसे मोकळेपणाने म्हणणे हा वाचनाचाच भाग आहे.

भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी १८८१ मध्ये पश्चिम हिंदुस्थानातले लेणीलेख एकत्र छापले, एमिल सेनार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल्याचे लेख पुन्हा वाचले. आकड्यांची कोडी सुटायला तर लेख लिहिणाऱ्यांनीच मदत केली होती. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या सातव्या वर्षीच्या कार्ल्याच्या लेखात 'सतमे' लिहून पुढे सातचे चिन्ह, 'पचमे' लिहून पाचाचे चिन्ह काढले आहे. शब्द आणि अंक शेजारी शेजारी.

तीच रीत पुढे मोडी वाचणाऱ्यांच्या कामी आली. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ब्राह्मीतही सहसा सोडत नव्हते. कुठे तोडायचे हे अर्थानेच ठरते. शिवकालीन कागद वाचणाऱ्या नवख्याला शेवटी 'मोर्तब सुद' दिसते. फारसी येत नसेल तर तो अडतो. पण दहा कागद पाहिले की ते नेहमी अखेरीलाच येते हे कळते. शिवाजी महाराजांच्या पत्रांखाली त्या जागी 'मर्यादेयं विराजते' ही लहान मुद्रा असते, पुढे 'लेखनसीमा' येते. वेगवेगळ्या वळणांचे तीन शब्द एकाच जागी एकच काम करतात. मजकूर संपला. आपण आजही 'शिक्कामोर्तब' म्हणतो तेव्हा त्यातला मोर्तब जिवंत असतो. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून खंडाखंडाने आला. या कोशांचे उपकार मोठे आहेत. पण कोशात शब्द जाण्याआधी कोणीतरी त्याला वापरात पकडलेले असते.

ज्यांना दगड आणि दप्तरे दूरची वाटतात त्यांनी गो. नी. दांडेकर वाचावेत. तळेगाव दाभाड्यात राहून त्यांनी 'पवनाकाठचा धोंडी' ही कादंबरी लिहिली, राजमाचीच्या आसऱ्याने 'माचीवरला बुधा' लिहिली. झाडांची, पाखरांची, शेतातल्या कामांची नावे त्यांत अशी येतात की शहरी वाचक पानापानावर अडखळावा. आणि तरीही वाचक अडत नाही. झाडाचे नाव ठाऊक नसते, पण त्याच्या सावलीत कोण बसले, त्याचे फळ कोणी खाल्ले, हे पुढच्या ओळीत कळते. प्रत्येक शब्दाला थांबून टीप शोधणाऱ्याच्या हातून बुधा सुटून जाईल. काही शब्द धूसर ठेवून पुढे जाण्याची हिंमत वाचकाला लागते, आणि ती अशा पुस्तकांतूनच येते.

अर्थात अंदाजाला आधार लागतो. हू आणि नेशन यांनी २००० साली इंग्रजी शिकणाऱ्यांवर केलेला अभ्यास सांगतो की मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात. पन्नासात एक अनोळखी असेल तर बाकीचे त्याला सांभाळून घेतात. अनोळख्यांचीच गर्दी असेल तर कोण कोणाला विचारणार? मावळात कातकरी आणि ठाकर वस्त्यांतून शाळेत येणाऱ्या मुलांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून निराळी आहे. त्यांना 'संदर्भावरून अर्थ ओळखा' असे नुसते सांगणे हा अन्याय आहे. त्यांच्या समोर असलेला संदर्भच परका असतो. त्यांना आधी त्यांच्या बोलीतल्या गोष्टी वाचायला मिळाव्यात, शिक्षकाने त्यांचे शब्द फळ्यावर लिहावेत. झाडे, मासे, रानभाज्या, पाऊस यांच्यासाठी त्या मुलांकडे जे शब्द आहेत त्यांच्यापुढे अडणारे आपण आहोत.

मावळच्या शाळांना एक सोय लाभली आहे जी फार थोड्यांना लाभते. कार्ले, भाजे, बेडसे ही तिन्ही लेणी एका तालुक्यात आहेत. सहली तिकडे जातातच. त्या सहलीत खांब मोजून आणि फोटो काढून परतण्याऐवजी लेखांचे ठसे मोठे करून मुलांच्या हाती द्यावेत. कार्ल्यात 'दानं', 'थभो' आणि नावापुढचा 'स' एवढ्यावर सुरुवात होते. भाज्याच्या टाक्यावर महारठी विण्हुदत्ताच्या दानाचा लेख आहे, त्यात 'पोढि' शब्द येतो. टाके समोरच असते, म्हणून पोढीचा अर्थ सांगावा लागत नाही. बेडशाच्या टाक्याच्या लेखात सामडिनिका ही महारठिनी स्वतःला आपदेवणकाची 'बितियिका' म्हणवते. बितिय म्हणजे दुसरी, इथे जोडीची, इतके कळले की ती त्याची बायको हे मुलेच सांगतील, आणि एका बाईने स्वतःच्या नावाने पाण्याचे दान दिले हेही त्यांच्या ध्यानात येईल.

मग वर्गात परतल्यावर एखादा धडा खालच्या शब्दार्थांवर कागद चिकटवून वाचायला द्यावा. अडलेल्या शब्दाचा अर्थ मुलांनी लिहावा, आणि त्याच्यापुढे कशावरून लावला तेही लिहावे. कोणत्या शेजारच्या शब्दावरून, कोणत्या प्रत्ययावरून, घरी ऐकलेल्या कोणत्या बोलण्यावरून. अर्थ चुकला आणि कारण पटण्यासारखे असेल तर गुण द्यावेत. अर्थ बरोबर आला आणि कारणाची जागा रिकामी राहिली, तर अर्धेच द्यावेत.